दहा चिंचोके, नऊ अडचणी : ज्येष्ठांना व्यायाम जमेल याची खात्री कशी मोजावी

"आजी, आठवड्यातून तीन दिवस तरी वीस मिनिटं चालायचं हं." "हो बाई, चालीन की." एवढं बोलणं होतं, चिठ्ठी हातात पडते आणि आजी घरी जातात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हे बोलणं मी स्वतः शेकडो वेळा केलं आहे. त्या 'हो'मध्ये खोटेपणा नसतो. समोरची मुलगी आपुलकीनं सांगतेय, तिला नाही कसं म्हणायचं, एवढंच त्यात असतं. पण हे आपल्याला जमेल असं आजींना आतून वाटतं का, हे कुणी विचारलेलं नसतं. पुढचे दोन महिने आजी चालणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं.

या आतून वाटण्याला मानसशास्त्रात 'सेल्फ-एफिकसी' म्हणतात. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ही कल्पना मांडली. माणूस एखादी गोष्ट सुरू करतो का, अडचण आली की टिकतो का, हे त्याच्या अंगातल्या ताकदीइतकंच 'मला हे जमेल' या भरवशावर अवलंबून असतं, हा तिचा गाभा. हा भरवसा मोजता येतो. त्याला यंत्र लागत नाही. एक कागद, पंधरा-वीस मिनिटं आणि ऐकून घेण्याची तयारी पुरते. ज्येष्ठ नागरिक संघात किंवा विरंगुळा केंद्रात व्यायामवर्ग घेणारे, नर्सिंग आणि फिजिओथेरपीचे विद्यार्थी, आणि घरातल्या आईवडिलांना चालतं ठेवू पाहणारी मुलं-सुना, या सगळ्यांसाठी मी हे लिहिते आहे.

आधी ठरवा, कशाची खात्री मोजायची

इथे घोटाळा झाला की पुढचं सगळं चुकतं. 'व्यायामाचा आत्मविश्वास' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, प्रत्यक्ष कृती जमण्याची खात्री : सलग दहा मिनिटं चालेन, वीस मिनिटं चालेन, दोन मजले चढेन. दुसरी, अडचण आली तरी नेम न मोडण्याची खात्री : पाऊस असला, गुडघा दुखला, सोबत नसली तरी करेन. तिसरी, न पडता वावरण्याची खात्री : न्हाणीघरात, जिन्यावर, उतारावर. एखादे आजोबा दोन किलोमीटर सहज चालतात, पण मित्र गावाला गेला की महिनाभर घराबाहेर पडत नाहीत. त्यांची पहिली खात्री पक्की आहे, दुसरी कच्ची. एखाद्या आजी रोज करायला तयार आहेत, पण मागच्या वर्षी ओल्या फरशीवर घसरल्यापासून उभ्यानं कुठलाच व्यायाम नको म्हणतात. त्यांची तिसरी खात्री ढासळली आहे. दोघांनाही 'आत्मविश्वास कमी' म्हटलं, तर दोघांच्याही कामाचं काही हाती लागत नाही.

ही खात्री कामागणिक बदलते, आणि याचं मोठं उदाहरण आपल्याकडे दरवर्षी आषाढात दिसतं. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचं अंतर सत्तरी ओलांडलेल्या बायका डोक्यावर तुळस घेऊन चालून जातात. त्यांच्यातल्याच एका आजींना मी कार्तिकात विचारलं, रोज सकाळी एकट्यानं वीस मिनिटं चालणं जमेल का? त्या म्हणाल्या, "नाही ग, एकटीनं कुठं." पाय तेच, रस्ता सोपा. बाजूची दिंडी मात्र नाही. वारी करतात म्हणजे यांना आत्मविश्वासाची अडचण नाही, असं मी तोवर धरून चालले होते.

कोणती प्रश्नावली घ्यायची

अडचणींवरच्या खात्रीसाठी मी बार्बरा रेझनिक आणि लुईस जेंकिन्स यांची २००० साली प्रसिद्ध झालेली प्रश्नावली वापरते. ती ज्येष्ठांसाठीच बनवलेली आहे आणि तिच्यात फक्त नऊ प्रश्न आहेत. प्रत्येकाचं मूळ एकच : आठवड्यातून तीन वेळा, वीस-वीस मिनिटं व्यायाम तुम्हाला जमेल याची आत्ता, या घडीला किती खात्री आहे, जर… आणि या 'जर'पुढे नऊ अडचणी येतात. हवामान त्रासदायक असेल, कंटाळा येत असेल, व्यायाम करताना दुखत असेल, एकट्यानं करायचा असेल, आवडत नसेल, इतर कामांची गडबड असेल, थकवा असेल, मनावर ताण असेल, उदास वाटत असेल. प्रत्येकाला ० ते १० असा आकडा.

एडवर्ड मॅकऑली यांची १९९२ ची तेरा प्रश्नांची प्रश्नावलीही चांगली आहे, पण ती ० ते १०० टक्क्यांत उत्तर मागते. टक्के आमच्या आज्यांच्या अंगवळणी पडत नाहीत.

पडण्याची धास्ती मोजायची असेल तर वेगळी प्रश्नावली हवी. मेरी टिनेटी यांनी १९९० मध्ये दहा कामांची एक केली. तिच्यावरूनच पुढे युरोपात सोळा प्रश्नांची आंतरराष्ट्रीय आवृत्ती आली, आणि नंतर तिची सात प्रश्नांची छोटी आवृत्ती. छोटीत कपडे घालणं, अंघोळ, खुर्चीतून उठणं-बसणं, जिना, डोक्यावरचं किंवा जमिनीवरचं काही घेणं, उतार आणि कार्यक्रमाला बाहेर जाणं एवढीच कामं आहेत. पण एक लक्षात ठेवा : या आवृत्तीत आकडा जितका मोठा तितकी धास्ती जास्त. सात प्रश्नांत ७ ते ८ म्हणजे धास्ती कमी, ९ ते १३ मध्यम, १४ ते २८ जास्त. रेझनिक यांच्या प्रश्नावलीत नेमकं उलटं आहे, तिथे मोठा आकडा चांगला. दोन्ही एकाच दिवशी घेतल्या आणि घाईत कागद वाचला, की चांगल्याला वाईट समजलं जातं. मी कागदाच्या डोक्यावरच लाल शाईनं लिहून ठेवते : 'जास्त = खात्री' किंवा 'जास्त = धास्ती'.

प्रबंधासाठी किंवा शोधनिबंधासाठी वापरणार असाल तर मूळ कर्त्यांची परवानगी आधी घ्या.

मराठीत आणताना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

इंग्रजी प्रश्न सरळ उलथवला की 'तुम्हाला किती आत्मविश्वास आहे?' असं वाक्य होतं. हे विचारून पाहा. आजोबा ताठ बसून म्हणतील, "आत्मविश्वास पहिल्यापासून भरपूर." त्यांना तो स्वभावाबद्दलचा प्रश्न वाटतो आणि स्वभावाला कमी गुण कोण देईल? 'कराल का?' असं विचारलं तर उत्तर वचन दिल्यासारखं येतं. बांडुरा यांनी प्रश्नावल्या बनवण्याबद्दल २००६ मध्ये जे मार्गदर्शन लिहिलं, त्यात हाच इशारा आहे : माणूस काय करणार हे विचारू नका, काय करू शकेल ते विचारा. आपल्याकडे त्यासाठी नेमकं क्रियापद आहे, 'जमणं'. 'पाऊस असला तरी आठवड्यातून तीन दिवस जमेल, याची किती खात्री वाटते?' हे वाक्य मी पाच-सहा वेळा बदलून इथवर आणलं, आणि ज्येष्ठांना ते दुसऱ्यांदा वाचून दाखवावं लागत नाही.

मग 'व्यायाम' हा शब्द. आजोबांच्या डोळ्यांपुढे तालीम येते, दंड-बैठका येतात. आज्या म्हणतात, "व्यायाम कशाला, दिवसभर घरात काय बसून असते का मी?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. झाडलोट, पाणी भरणं, शेतातलं काम ही शारीरिक हालचालच आहे. पण प्रश्नावलीला ठरवून, वेळ काढून केलेली हालचाल हवी असते. म्हणून प्रश्न सुरू करण्याआधी हे वाक्य प्रत्येकाला शब्दही न बदलता वाचून दाखवा : "व्यायाम म्हणजे कामधंद्याव्यतिरिक्त, शरीरासाठी म्हणून मुद्दाम केलेली हालचाल. चालणं, खुर्चीत बसून हातपाय हलवणं, योगासनं, काहीही. वेग असा, की बोलता यावं पण अभंग म्हणता येऊ नये." शेवटचं वाक्य म्हणजे मध्यम जोराचा व्यायाम ओळखायची साधी खूण. जोर कळला की आज्या लगेच मान डोलावतात.

बाकी अडचणींसाठी माझे शब्द असे ठरले. ताण म्हणण्यापेक्षा 'डोक्याला घोर लागला असेल'. उदास म्हणजे 'करमत नसेल, कशातच मन लागत नसेल'. थकवा म्हणजे 'अंगात त्राण नाही असं वाटत असेल'. हवामान हा शब्द बातम्यांतला. मी 'पाऊस, कडक ऊन किंवा थंडी यांचा त्रास असेल' असं विचारते. कोकणात माणूस पावसाचा विचार करून उत्तर देईल, नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यातल्या उन्हाचा. त्यामुळे त्या प्रश्नाशेजारी एक छोटी जागा सोडा आणि उत्तर देणाऱ्याच्या मनात कोणता ऋतू होता ते लिहून ठेवा. उपाय त्यावरून ठरेल.

भाषांतर झालं की परिसरातल्या सात-आठ ज्येष्ठांना, त्यांत बायका आणि पुरुष दोन्ही, न शिकलेलेही, एकेक प्रश्न वाचून दाखवा आणि म्हणा, "मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा." जिथे अडखळतात तिथे शब्द बदला. अभ्यासासाठी करत असाल तर दोघांनी वेगवेगळं भाषांतर करणं, तिसऱ्यानं मूळ न बघता ते उलटं इंग्रजीत नेणं, आणि दोन आठवड्यांनी त्याच माणसांना पुन्हा विचारून उत्तरं किती जुळतात ते पाहणं, हे सगळं करावं लागेल. वर्गापुरतं वापरणार असाल तर सात-आठ माणसांची ही चाचणी पुरेशी आहे. ती मात्र टाळू नका.

एक कमतरताही सांगते. पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत खाली बसून उठण्याबद्दल काही नाही. आपल्याकडे मांडी घालून पूजेला बसणं, पंगतीत बसणं, भारतीय बैठकीचा संडास, यांवर म्हाताऱ्या माणसाची अर्धी हिंमत अवलंबून असते. मी तो दहावा प्रश्न म्हणून वेगळा विचारते आणि मूळ नऊच्या बेरजेत धरत नाही.

सराव : तांब्या, कळशी, हंडा

थेट पहिल्या अडचणीवर उडी मारू नका. उत्तर कसं द्यायचं याचा सराव आधी करून घ्या. बांडुरा यांच्या मार्गदर्शनात वेगवेगळ्या वजनांचं उदाहरण आहे. मी पाण्याचं घेते.

"आजी, पाण्यानं भरलेला तांब्या उचलाल याची दहापैकी किती खात्री?" "दहा." "भरलेली कळशी?" "आठ म्हण." "भरलेला हंडा, डोक्यावर?" "आता तीन. पूर्वी दोन-दोन न्यायचे मी." आकडा उतरत गेला की समजायचं, पट्टी त्यांना कळली. तिन्हीला दहाच म्हणाल्या तर घाई करू नका, जरा हसून परत विचारा. जे आयुष्यात पाणी वाहत आले नाहीत, त्यांच्यासाठी जिन्याचे मजले घ्या : एक, दोन, चार.

आकडा मागायच्या रीती

'दहापैकी किती' म्हटलं की काहींना शाळेतले गुण आठवतात आणि ते ताईंना खूश करायला दहा देतात. काहीजणी आकड्याला बिचकतात. त्यांच्यासाठी मी चिंचोके वापरते. दहा चिंचोके आणि एक वाटी. "जेवढी खात्री तेवढे या वाटीत टाका. मुळीच नाही तर एकही टाकू नका." हातानं टाकताना माणूस विचार करतो. तोंडातून निघणारं दहा आणि हातातून सुटणारं दहा यांत फरक पडतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

एका आजींना दुखण्याचा प्रश्न विचारला. त्यांनी आधी मूठभरून नऊ टाकले. मग वाटीकडे बघत बसल्या. उजव्या गुडघ्यावरून हात फिरवला. एकेक करत सात चिंचोके परत काढले आणि समोर ओळीनं मांडून ठेवले. वाटीत राहिले दोन. मी काही बोलले नव्हते. त्याच म्हणाल्या, "दुखायला लागलं ना, की मला वाटतं आता हा गुडघा जाणार." त्या एका वाक्यात आमच्या पुढच्या दोन महिन्यांच्या कामाची दिशा ठरली.

रुपयाचे सोळा आणे १९५७ मध्येच गेले, पण 'सोळा आणे खात्री' आणि 'बारा आणे काम झालं' हे अजून बोलण्यात आहे. शेतकरी आजोबांना पिकाची आणेवारी चांगली कळते. त्यांना म्हणा, "व्यायाम जमण्याची आणेवारी किती लावाल?" मग आण्यांना सोळानं भागून दहानं गुणा. बारा आणे म्हणजे साडेसात. ही युक्ती घरी आणि वर्गात बिनधास्त वापरा, संशोधनात नको, कारण त्यानं मूळ मोजपट्टी बदलते. आणि एका माणसाला एकदा चिंचोके दिले की पुढच्या वेळीही चिंचोकेच द्या.

बसायचं कुठे, विचारायचं कसं

सुरुवातीला मी एक मोठी चूक केली. सभागृहात चाळीस ज्येष्ठांना बसवलं, माईकवर प्रश्न वाचले आणि हात वर करायला सांगितलं. सगळे हात वर. नऊच्या नऊ अडचणींवर मात करणारा वर्ग कागदावर तयार झाला आणि दोन महिन्यांनी सतरंजीवर बाराजण उरले. चारचौघांत 'मला जमणार नाही' म्हणायला फार धीर लागतो, विशेषतः समोर विहीण किंवा जुने साहेब बसलेले असतील तर.

म्हणून एकेकाला विचारा. मुलगा-सून शेजारी नकोत. "बाबांना सगळं जमतं हो, आळस करतात" हे वाक्य मध्ये आलं की त्यापुढची उत्तरं बाबांची राहत नाहीत. घरात वेगळी खोली नसेल तर ओटीवर बसा, किंवा सुनेला प्रेमानं चहा टाकायला सांगा. चष्मा आणि कानाचं यंत्र लावून घ्या. व्यायाम झाल्या झाल्या विचारू नका, तेव्हा उत्साह चढलेला असतो. सोय असली तरी डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या रांगेतही नको.

उत्तर लिहायचं नसेल तर नको, कधीही थांबवू शकता, कागद कुणाला दाखवणार नाही, हे सुरुवातीलाच सांगा आणि पाळा. प्रश्न तुम्ही वाचा, सावकाश. कळला नाही तर तोच पुन्हा वाचा, समजावायला जाऊ नका. समजावताना आपण नकळत उत्तर सुचवतो. "अरे वा", "एवढं कमी?" असं काही तोंडून जाऊ देऊ नका, चेहऱ्यावरही दिसू देऊ नका. ज्यांना प्रश्न संपेपर्यंत त्याची सुरुवात आठवत नाही, त्यांच्यावर ही प्रश्नावली लादू नका. त्यांच्या बाबतीत रोजचं निरीक्षण जास्त खरं सांगतं.

मन लागत नसण्याचा प्रश्न आला की सांभाळून. "देवानं आता उचलावं" असं आपल्याकडे म्हातारी माणसं सहज बोलून जातात. तरी ऐकून सोडून देऊ नका. कागद बाजूला ठेवा आणि विचारा, असं किती दिवस वाटतंय, जेवण जातं का, झोप लागते का. उत्तरानं काळजी वाटली तर मोजणी तिथेच थांबवा. त्यांना विश्वासात घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्या आणि तोवर एकटं सोडू नका.

बेरीज, आणि बेरजेच्या पलीकडे

गणित सोपं आहे. नऊ आकड्यांची बेरीज, भागिले नऊ. ज्या आजींच्या गुडघ्याबद्दल सांगितलं त्यांची उत्तरं अशी होती : हवामान ५, कंटाळा ८, दुखणं २, एकटीनं ३, आवड नसणं ७, कामाची गडबड ६, थकवा ४, घोर ६, करमत नसणं ४. बेरीज ४५, सरासरी ५. त्याच दिवशी एका आजोबांनी नऊही प्रश्नांना ५ दिले. त्यांचीही बेरीज ४५, सरासरी ५.

या दोन पाचांत काहीच साम्य नाही. आजींच्या कागदावर दोन ठळक खड्डे आहेत, दुखणं आणि एकटेपण. आजोबांच्या कागदावर सरळ रेघ आहे, आणि सरळ रेघ दिसली की माझ्या मनात शंका येते : कंटाळले होते, प्रश्न कळले नव्हते, की मधला आकडा सुरक्षित वाटला? त्यांना चार दिवसांनी चिंचोके देऊन पुन्हा विचारलं. एकट्यानं करण्याला ९ आले, थकव्याला १. बायकोच्या आजारपणात रात्री जागत होते.

एखादा प्रश्न लागूच नसेल किंवा उत्तर दिलं नसेल, तर तिथे शून्य लिहू नका. शून्य म्हणजे 'मुळीच खात्री नाही'. जागा मोकळी सोडा आणि जेवढ्यांची उत्तरं आहेत तेवढ्यांनी भागा. दोनपेक्षा जास्त जागा मोकळ्या राहिल्या तर मी सरासरी काढत नाही, फक्त उत्तरं वाचते. आणि सरासरी इतकी म्हणजे पास, त्याखाली नापास, असली रेघ इथे मारू नका.

संघात सगळ्यांचे कागद जमले की माणसागणिक यादी लावण्यापेक्षा प्रश्नागणिक सरासरी काढा. सगळ्या वर्गाची हवामानाची खात्री कमी असेल, तर जूनच्या आधी समाजमंदिराचा हॉल ठरवून टाकणं हा तुमचा निष्कर्ष.

शरीराचीही साक्ष काढा

खात्री आणि ताकद नेहमी जुळत नाहीत. त्यासाठी खुर्चीतून उठण्याची तीस सेकंदांची चाचणी करा. साधारण ४३ सेंटीमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर आडवे धरायचे आणि तीस सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभं राहून बसता येईल तितकं करायचं. शेजारी उभे राहा. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या तक्त्यानुसार ७० ते ७४ या वयात बायकांचा आकडा १० पेक्षा आणि पुरुषांचा १२ पेक्षा कमी आला, तर तो सरासरीखाली धरतात. छातीत दुखणं, चक्कर, नुकतीच शस्त्रक्रिया किंवा आवाक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ही चाचणी नाही. आधी डॉक्टर.

खात्री दहा आणि उठणं सहा वेळा, असे आजोबा मला सगळ्यात जास्त घोर लावतात. जुनी तालमीची हिंमत अजून आहे, मांड्यांत बळ राहिलेलं नाही. त्यांची खात्री कमी करायला जाऊ नका. भिंतीच्या आधारानं सुरुवात करून द्या आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम आधी घ्या. उलट, खात्री दोन आणि उठणं तेरा वेळा, अशा आजी दिसल्या की मला फार आनंद होतो. त्यांना तो आकडा मोठ्यानं सांगा : "तुम्ही तेरा वेळा उठलात, हात न लावता." त्यांना स्वतःबद्दलची ही बातमी कुणी दिलेलीच नसते.

कमी आकड्याचं काय करायचं

बांडुरा यांच्या म्हणण्याप्रमाणे हा भरवसा चार वाटांनी वाढतो : स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कुणाला जमताना पाहणं, विश्वासातल्या माणसाचा शब्द, आणि शरीरातून येणाऱ्या खुणांचा योग्य अर्थ लावता येणं. यांत पहिली वाट सगळ्यात भक्कम. म्हणून आधी व्यायामाचा डोस उतरवा. वीस मिनिटांची खात्री ४ आहे? दहा मिनिटांची विचारा. ६? जेवणानंतर घरातच पाच-पाच मिनिटांची विचारा. ९ आले की तिथून सुरू. स्टॅनफर्डमध्ये केट लोरिग यांनी जुनाट आजारांसाठी घडवलेल्या कार्यक्रमात असाच नियम आहे, खात्री दहापैकी सात तरी असेल तेवढंच ठरवायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ वर्षांपुढच्यांनीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, आणि निदान तीन दिवस तोल व ताकदीचे प्रकार करावेत. तिथपर्यंत जायचंच आहे. पण पाच मिनिटांवर असलेल्या माणसाला पहिल्या दिवशी तो आकडा सांगितला, तर तो घरीच बसतो.

दुखण्याला आकडा कमी असेल तर चौथी वाट धरा. अंग आंबणं आणि सांधा दुखावणं यांतला फरक शिकवा. नव्या व्यायामानंतर मांड्या, पोटऱ्या जड होतात, दाबल्यावर दुखतात आणि दोन-तीन दिवसांत ओसरतात, ते अंग आंबणं. सांध्यात एकदम कळ येणं, सूज चढणं किंवा रात्री झोप मोडणं ही थांबून दाखवून घ्यायची खूण. 'हा गुडघा जाणार' म्हणणाऱ्या आजींना मी पहिले दोन आठवडे खुर्चीत बसूनच पाय सरळ करायला लावलं, आणि रोज रात्री कॅलेंडरवर दोनपैकी एक अक्षर लिहायला सांगितलं : अंग आंबलं तर 'अं', सांधा दुखला तर 'सां'. चौदा दिवसांत 'सां' दोनदाच आलं. ते कॅलेंडर त्यांनी मला स्वतःहून आणून दाखवलं.

एकटेपणाला आकडा कमी असेल तर जोडीदार शोधा, आणि तो शक्यतो त्याच वयाचा, त्याच दुखण्याचा. पंचविशीतल्या मुलीनं पुढे उभं राहून केलेला व्यायाम पाहून पंच्याहत्तरीच्या बाईची खात्री वाढत नाही. आपल्यासारखाच गुडघा धरून उठणारी शेजारीण पाहिली की वाढते. थकव्याचा आकडा तळाला असेल तर व्यायामाआधी रक्त, झोप आणि चालू गोळ्या तपासून घ्या. घोर आणि करमत नसण्यावर माझ्याकडे झटपट उपाय नाही. मी त्या माणसाला वर्गात येण्याऐवजी वर्गाच्या अर्धा तास आधी यायला सांगते, सतरंज्या घालायला. बोलणं तिथे होतं.

पुन्हा कधी मोजायचं

सहा ते आठ आठवड्यांनी, त्याच वेळी, त्याच पद्धतीनं, शक्य तर त्याच माणसानं. आधीचा कागद समोर ठेवू नका. दुसऱ्या वेळी एखादा आकडा घसरला म्हणून लगेच हिरमुसू नका. पहिल्यांदा सांगितलेलं ८ हे अंदाजानं होतं, आताचं ६ करून पाहिल्यावरचं आहे. दुसऱ्यावर माझा जास्त विश्वास असतो. पण येणं कमी झालं असेल आणि आकडाही पडला असेल, तर फोन करून घरी जा.

त्या आजींचा दुसरा कागद श्रावणात घेतला. दुखणं २ वरून ५. एकटीनं ३ वरून ४ एवढंच, पण त्या आता एकट्या नव्हत्या, गल्लीतल्या दोघीजणी त्यांच्यासोबत चालत होत्या. हवामानाच्या प्रश्नाला पहिल्यांदा पाच चिंचोके होते, या वेळी वाटीत दोनच पडले. शेजारच्या जागेत मी लिहिलं : पाऊस, चिखल, घसरण्याची भीती. त्याच बैठकीत पडण्याच्या धास्तीची सात प्रश्नांची प्रश्नावली काढली. बेरीज १५ आली. त्या आठवड्यापासून तिघींनी देवळाच्या सभामंडपात चालायला सुरुवात केली, अनवाणी न जाता रबरी तळव्याच्या चपला घालून. पुजारीकाकांची परवानगी आजींनीच काढली.